एका नावाची दोन गावे

मंडळी, आज जगाचा नकाशा भिंतीवर लावा. शाळेतून मागून आणलात तरी चालेल. वरच्या अंगाला ब्रिटनचे बेट आहे. त्या बेटाचा उत्तरेकडचा भाग म्हणजे स्कॉटलंड. तेथे ग्लासगो हे मोठे शहर आहे आणि त्याच्याजवळ ब्लँटायर नावाचे गाव आहे. आता बोट खाली आणा. आफ्रिका खंडात, उजव्या हाताला, मलावी नावाचा चिंचोळा देश सापडेल. त्याला समुद्र नाही. पण सरोवर एवढे मोठे, की देशाचा पाचवा हिस्सा नुसते पाणीच. या देशातही एक ब्लँटायर आहे. ते मोठे शहर आहे, व्यापारउदिमाचे.

इतक्या दूरच्या दोन गावांना एकच नाव कसे पडले?

स्कॉटलंडच्या ब्लँटायरमध्ये १८१३ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन जन्मला. घरची गरिबी. दहाव्या वर्षी तो सूतगिरणीत कामाला लागला. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत काम, आणि सुटल्यावर गिरणीच्या शाळेत अभ्यास. हे मी मुद्दाम सांगतो. दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडणारे तुम्हीच पहिले नाही. पुढे तो डॉक्टर झाला, धर्मोपदेशक झाला, आफ्रिकेत गेला. १८५९ साली मलावीच्या सरोवराकाठी पोचला. त्याने सरोवराचा शोध लावला असे जुन्या पुस्तकांत लिहीत. तिथल्या कोळ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्यांना कुणी विचारले नाही! माणसांना पकडून गुलाम म्हणून विकण्याचा धंदा त्याने तेथे पाहिला आणि त्याविरुद्ध तो जन्मभर बोलला. त्याच्या मागून, १८७६ साली, स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी तेथे ठाणे वसवले. त्या ठाण्याला लिव्हिंग्स्टनच्या गावाचे नाव दिले. पुढे इंग्रजांचे राज्य आले. १९६४ साली ते गेले आणि मलावी स्वतंत्र झाला. नाव मात्र राहिले.

२००५ साली दोन्हीकडच्या सरकारांनी सहकार्याचा करार केला. तेव्हापासून शाळांच्या जोड्या वाढल्या. स्कॉटलंडमधील एक शाळा आणि मलावीतील एक शाळा अशी जोडी. आपण तिला जोडशाळा म्हणू. मुले एकमेकांना पत्रे लिहितात, चित्रे पाठवतात. आणि काही शाळांची पोरे, दहा-बारा जणांचा गट करून, दोन-तीन शिक्षकांबरोबर जोडशाळा पाहायला जातात.

जायचे तर पैसा हवा. तो कसा जमवतात ते ऐका, कारण त्यातले थोडे आपल्याही कामाचे आहे.

तयारी वर्ष-दीड वर्ष आधी सुरू होते. मुले घरी केक, बिस्किटे भाजून आणतात आणि शाळेत विकतात. शनिवारी लोकांच्या मोटारी धुतात. मोठ्या दुकानात उभी राहून गिऱ्हाइकांचे सामान पिशवीत भरून देतात. बाजूला बादली ठेवलेली असते, ज्याला वाटेल त्याने नाणे टाकावे. गावाला बोलावून नाचगाण्याची रात्र करतात, तिकीट लावून. एक रीत तर मला फार गमतीची वाटली. मूल म्हणते, मी दहा मैल चालणार. शेजारी कागदावर लिहून देतो, 'तू चाललास तर मैलाला इतके देईन.' मूल चालून आले की घरोघर जाऊन पैसे गोळा करते. नुसता हात पसरायचा नाही. पाय दुखले पाहिजेत, मग पैसा.

आता खरा प्रश्न. हा पैसा कशाचा? विमानभाड्याचा, की जोडशाळेसाठी? बादलीत नाणे टाकणारी म्हातारी समजते, आफ्रिकेतल्या पोरांना वह्या मिळतील. आणि तिच्या नाण्याने जर स्कॉटलंडच्याच पोराचे तिकीट निघाले, तर? म्हणून शहाण्या शाळा दोन खाती ठेवतात. एक प्रवासाचे, एक जोडशाळेचे. पेट्याही दोन, आणि प्रत्येकीवर कारण लिहिलेले.

दोन खाती का, हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या नोकरीतली गोष्ट आहे. शाळेच्या छपराला पत्रे हवे होते आणि पोरांची वेरूळची सहलही काढायची होती. दोन्ही वर्गण्या मी एकाच पेटीत ठेवल्या. मीच ठेवल्या, दुसऱ्या कुणी नाही. सहल छान झाली. पावसाळा तोंडावर आला आणि पत्र्यांना पैसे पुरेनात. कुणी एक पैसा खाल्ला नव्हता. पण वहीत दाखवता येईना. तेव्हा एक शेतमजूर शाळेत आला. त्याने कोंबड्या विकून पत्र्यांची वर्गणी दिली होती आणि आपल्या पोराला मात्र सहलीला पाठवता आले नव्हते. तो म्हणाला, "गुरुजी, माझं पोर घरी राहिलं, अन् दुसऱ्याच्या पोराचं भाडं म्या भरलं व्हय?"

मी काय बोलणार? खाली मान घातली. नंतर दोन पगारांतून भर घातली आणि पत्रे बसले. पण तो माणूस पुन्हा शाळेच्या सभेला आला नाही.

असो. आपण मलावीला जाऊ.

स्कॉटलंडहून सरळ विमान नाही. वाटेत बदलावे लागते. जून-जुलैत गेले तर तिकडे थंडी असते. मलेरिया होऊ नये म्हणून गोळ्या घ्याव्या लागतात. शाळा दिसते ती अशी: विटांच्या खोल्या, त्या पुरत नाहीत म्हणून काही वर्ग झाडाखाली. १९९४ साली सरकारने प्राथमिक शिक्षणाची फी माफ केली, तेव्हा एका वर्षात सुमारे दहा लाख मुले वाढली. खोल्या आणि शिक्षक काही तितक्या वेगाने वाढले नाहीत. एका शिक्षकापुढे साठ-सत्तर पोरे, कुठे शंभरही. बहुतेक खेड्यांत वीज नाही. प्लास्टिकच्या पिशव्या दोरीने आवळून केलेला चेंडू, आणि त्यावर फुटबॉल इतका रंगतो की पाहुणी पोरे धापा टाकतात.

भेटल्यावर म्हणायचे, "मुली ब्वांजी?" म्हणजे कसे आहात. आभार मानायचे तर "झिकोमो". ही तिथली चिचेवा भाषा. जेवायला न्सिमा. मक्याच्या पिठाची ही उकड, पण आपल्या उकडीपेक्षा घट्ट. हाताने गोळा करायचा आणि पालेभाजीला किंवा सरोवरातल्या बारीक माशांना लावून खायचा. मलावीची पोर एका हाताने घास करते आणि पाहुण्या पोराच्या बोटांना सगळे चिकटते. मग सगळा वर्ग हसतो. त्या घटकेला कोण शिकवतो आणि कोण शिकतो, हे उलटे झालेले असते. माझ्या मते भाड्याचा पैसा वसूल होतो तो येथेच.

पण सगळ्यांचे मत असे नाही. पुष्कळ जण विचारतात, एवढ्या भाड्यात तिथे वर्गखोली बांधता आली नसती का? पोरे जाणार, फोटो काढणार, आठ दिवस भिंत रंगवणार आणि परत येणार. भिंत तर गावचा रंगारीही रंगवील, त्याला मजुरी तरी मिळेल. हे बोलणे खोटे नाही. मीही आधी असेच म्हणत होतो. जुने संगणक भेट म्हणून न्यायचे आणि शाळेत वीज नाही, अशी मदत काय कामाची?

म्हणून स्कॉटलंडमध्ये या कामासाठी जी संस्था आहे, स्कॉटलंड मलावी पार्टनरशिप, तिने भागीदारीची अकरा तत्त्वे लिहून ठेवली आहेत. बेत दोघांनी मिळून करायचा. पैशाचा हिशेब दोघांना दिसला पाहिजे. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी व्हायला हवे. म्हणजे काय पाहिजे ते मलावीच्या मुख्याध्यापकाने सांगायचे, स्कॉटलंडच्या मुलांनी घरी बसून ठरवायचे नाही. त्याला रंग नको असेल, पाण्याचा पंप हवा असेल.

उलट भेटही हवी. मलावीचे शिक्षक आणि मुले स्कॉटलंडला गेली की जोडी पुरी होते. पण इथे गाडी अडते. पलीकडून येणाऱ्याला भाडे जमवावे लागते. इकडून जाणाऱ्याला भाडे तर हवेच, शिवाय व्हिसा, म्हणजे दुसऱ्या देशात शिरण्याची परवानगी, हवी. त्यासाठी कागद, फी, बँकेतली शिल्लक दाखवायची, आणि एवढे करून नकारही येऊ शकतो. स्कॉटलंडच्या काही शाळा आपल्या पोरांच्या भाड्याबरोबरच या उलट भेटीचे पैसेही जमवतात. त्यासाठी तिसरे खाते.

पाठ वाचून झाल्यावर यावर बोला:

तुमच्या गावात आज कोणकोणत्या कामांसाठी वर्गणी निघते? तिची वही कुणाजवळ असते, आणि ती तुम्ही कधी वाचून पाहिली का?

परक्या देशाची दहा मुले आठ दिवस तुमच्या गावी आली, तर पहिल्या दिवशी त्यांना काय करायला शिकवाल?

त्या शेतमजुराला मी काय उत्तर द्यायला हवे होते?