काचेपलीकडचा चेहरा

रात्री एस.टी.च्या खिडकीशी बसला असाल, तर हे तुम्ही पाहिले असेलच. गाडीतला दिवा लागला की बाहेरची झाडे नाहीशी होतात आणि काचेत आपलाच चेहरा दिसतो. दिवा मालवला की चेहरा गेला, झाडे परत आली. काच तीच, मग बदलले काय?

या प्रश्नावर अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात एक सुंदर खेळ मांडला गेला. ‘एक्स्प्लोरेटोरियम’ हे त्या संग्रहालयाचे नाव. त्याची पहिली इमारत १९१५ सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी बर्नार्ड मेबेक या वास्तुशिल्पज्ञाने उभारली होती. लाकूड-प्लास्टरची ती इमारत प्रदर्शनापुरतीच होती, पण नंतर ती पाडणे लोकांच्या जिवावर आले! पुढे १९६०च्या दशकात ती काँक्रीटमध्ये पुन्हा बांधली गेली. तिच्या वळणदार, अवाढव्य दालनात १९६९ मध्ये फ्रँक ओपेनहायमर यांनी संग्रहालय सुरू केले. लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेचे प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर यांचे हे धाकटे भाऊ. १९४९ मध्ये राजकीय कारणावरून त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली. मग त्यांनी गुरे पाळली, हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवले. म्हणूनच की काय, या दालनात ‘हात लावू नका’ अशी पाटी नव्हती आणि प्रयोग समजावून सांगायला हायस्कूलचेच विद्यार्थी असत. (मी शिकलो तिथे भिंगेसुद्धा कुलपात असत!) २०१३ मध्ये हे संग्रहालय बंदरातल्या एका जुन्या धक्क्यावर हलले.

आता खेळ पाहू. मध्ये काच, दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर एकेक जण बसलेला. प्रत्येकाजवळ स्वतःच्या चेहऱ्यावरचा उजेड कमी-जास्त करण्याची सोय. तुमची प्रतिमा काचेमागे तितक्याच अंतरावर पडते, म्हणजे नेमकी मित्राच्या चेहऱ्यावर! उजेड जुळला की तुमचे नाक आणि मित्राचे डोळे असा तिसराच चेहरा दिसतो.

घरी करून पाहा. अंधाऱ्या खोलीत साधी काच उभी धरा. दोघांच्याही चेहऱ्यापासून १ मीटरवर सारखी मेणबत्ती ठेवा. दोघांनाही मुख्यतः समोरचाच दिसेल. कारण साधी काच पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८ टक्के परत पाठवते, बाकीचा बहुतेक पलीकडे जातो. चेहरे मिसळायचे तर तुमच्यावरचा उजेड मित्राच्या साधारण साडेअकरा पट हवा. तुमची मेणबत्ती ३० सेंटिमीटरवर आणा (केस सांभाळा). अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणाने उजेड अकरा पट झाला. जमले!

पण आता मित्राला विचारा. त्याला स्वतःचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. काचेत फक्त तुम्हीच. दोघांना एकाच वेळी मिश्र चेहरा दिसायचा, तर काचेने जितका प्रकाश सोडला तितकाच परत पाठवला पाहिजे. त्यासाठी काचेवर धातूचा अगदी पातळ थर देतात. मोटारीच्या काळ्या काचेवर हा प्रयोग करून पाहा आणि तिथे किती पट उजेड लागतो, ते मेणबत्तीच्या अंतरावरून काढा.