कात्री, देह आणि ‘आम्ही’ : ब्रेयर पी-ऑरिज यांचा देहप्रयोग

देहालाच माध्यम मानणाऱ्या कलेचा विचार बहुधा चित्रकलेच्या वा नाट्याच्या अंगाने होतो. जेनेसिस पी-ऑरिज (१९५०–२०२०) आणि लेडी जे ब्रेयर यांच्या प्रयोगाचे मूळ मात्र एका लेखनतंत्रात आहे. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये ब्रायन गायसिन यांनी वर्तमानपत्राच्या कापलेल्या पट्ट्या नव्याने जुळवून संहिता रचल्या. विल्यम बरोज यांनी ते ‘कट-अप’ तंत्र कादंबरीत आणले. दोन लेखकांच्या अशा मिसळणीतून दोहोंपैकी कोणाचेच नसलेले तिसरे मन प्रकट होते, ही त्यांची धारणा होती. १९९५ मध्ये विवाहबद्ध झालेल्या ब्रेयर पी-ऑरिज यांनी ही कात्री कागदावरून देहाकडे वळविली.

२००३ मध्ये उभयतांनी सारखेच स्तनारोपण करून घेतले. एकमेकांसारखे दिसावे म्हणून चेहऱ्यांवरही शस्त्रक्रिया झाल्या. पुरुषाने स्त्री होणे हा येथे हेतू नव्हता. दोन देहांतून एक तिसरी, लिंगभेदापलीकडची व्यक्ती घडविणे हे उद्दिष्ट होते व त्यास ‘पँड्रोजिनी’ हे नाव होते. मराठी वाचकास येथे अर्धनारीनटेश्वर आठवेल, पण ते साम्य फसवे आहे. घारापुरीच्या शिल्पात डावे अंग स्त्रीचे, उजवे पुरुषाचे, हा भेद शाबूत राहतो. पँड्रोजिनीला तो भेदच पुसावयाचा होता.

तो देहावर कितपत पुसला गेला, याविषयी शंका घेता येईल. कागदाच्या पट्ट्या पुन्हा हव्या तशा मांडता येतात. देहाला वेदना आहे आणि मरणही. भाषेत मात्र प्रयोग अधिक दूर गेला. पी-ऑरिज यांनी ‘मी’ टाकून ‘आम्ही’ स्वीकारले. मराठीच्या अभ्यासकास याचे मोल चटकन कळावे. ‘मी गेलो’, ‘मी गेले’ येथे क्रियापदच बोलणाऱ्याचे लिंग सांगून टाकते. ‘आम्ही गेलो’ म्हणताच ते सांगणे थांबते.

२००७ मध्ये लेडी जे यांचे निधन झाले. त्यानंतरही पी-ऑरिज यांचे ‘आम्ही’ सुटले नाही, आणि खरा पेच येथे आहे. या सर्वनामात लेडी जे बोलतात, की मागे उरलेल्याने त्यांच्या वतीने बोलणे चालविले आहे? कट-अपमध्ये दोन्ही हात जिवंत असतात. येथे एकच उरला होता. अनुवादकाची अडचण तर निराळीच. एकट्याच्या तोंडचे ‘आम्ही’ मराठीत राजेशाही थाटाचे वाटते. ‘आम्ही दोघे’ किंवा ‘आम्ही दोघी’ म्हणावे, तर पुसलेले लिंग संख्यावाचकातून परत येते. ‘आम्ही उभयता’ तेवढे चालेल. पण तो शब्द मराठीत मुख्यतः पतिपत्नींसाठी योजला जातो.