पांढऱ्या थराचे कारण : दुष्फेन पाणी आणि आपले घर

पाण्याचा इतिहास हा आपल्या समाजाचा इतिहास आहे. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, आणि त्या हक्कावर मुंबई उच्च न्यायालयाची मोहोर उमटण्यास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला. आज आपल्या बहुतेक वस्त्यांत नळ दारात आला आहे. पाणी मिळाले, आता ते पाणी कसे आहे हे जाणून घेणे, हा त्याच धड्याचा पुढचा भाग होय.

दुष्फेन म्हणजे काय?

पावसाचे पाणी मुळात सुफेन असते. त्यात साबणाला भरपूर फेस येतो. हे पाणी मातीतून झिरपताना तेथील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी बनते आणि खडकातील व चुनखडीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेते. मराठवाडा आणि पश्चिम विदर्भाचा बहुतांश प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. तेथे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उंच टाकीत चढवून नळाला सोडतात, तेव्हा नळाचे पाणीही वस्तुतः भूगर्भातलेच असते. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून त्याला दुष्फेन म्हणतात. आपल्या माता-भगिनी त्याला ‘जड पाणी’ किंवा ‘क्षाराचे पाणी’ म्हणतात.

भारतीय मानक ब्यूरोच्या निकषानुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येते. समजा, आपल्या नळाच्या पाण्याची कठीणता ४०० आहे. वीस लिटरच्या पन्नास बादल्या म्हणजे हजार लिटर पाणी. त्याबरोबर चुन्याच्या हिशेबाने ४०० ग्रॅम क्षार घरात येतो. तो सगळाच साचत नाही. परंतु पाणी जेथे तापते किंवा वाळते, तेथे त्याचा काही भाग मागे राहतो.

उपकरणांत काय घडते?

पाणी तापले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून तापलेल्या पृष्ठभागाला चिकटते. गीझरच्या कांडीवर हा थर चढला की कांडीची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. पाणी उशिरा तापते, वीज अधिक लागते, आणि आतल्या आत अतितप्त झालेली कांडी एके दिवशी जळते. विजेची किटली, वाफेची इस्त्री आणि सौर बंबाच्या नळ्या यांचेही असेच होते.

कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतो. टाकीतले पाणी दिवसेंदिवस अधिक क्षारयुक्त बनते आणि जाळीतील वाळा कडक होतो. वॉशिंग मशीनमध्ये साबणाचा काही भाग क्षाराशी संयोग पावून चिकट साक्यात वाया जातो. कपडे राठ आणि मळकट दिसतात. चुलीपुढेही हाच अनुभव येतो: दुष्फेन पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि गॅस अधिक खर्च होतो.

परवडणारे उपाय

हा थर घासून निघत नाही, पण सौम्य आम्लात विरघळतो. किटलीत एक लिटर पाणी व दोन चमचे लिंबूसत्त्व किंवा पांढरे व्हिनेगर घालून उकळावे, अर्धा तास ठेवावे आणि मग दोन-तीन वेळा धुवावे. स्वच्छतागृहासाठी विकले जाणारे तीव्र ॲसिड भांड्यांना वा यंत्रांना लावू नये. कोणतेही आम्ल ब्लीचिंग पावडरमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. गीझरचे तापमान अकारण चढवून ठेवू नये आणि जाणत्या कारागिराकडून कांडी वेळोवेळी साफ करून घ्यावी. कूलरची टाकी दर आठवड्याला रिकामी करावी. त्याने डासांचीही पैदास थांबते. कपड्यांच्या पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकल्यास साबण कमी लागतो.

तुरटीने गढूळपणा खाली बसतो, क्लोरीनने जंतू मरतात. कठीणता यांपैकी कशानेही जात नाही. छतावरचे पावसाचे पाणी मात्र आयते सुफेन असते. शंभर चौरस मीटर छतावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर हिशेबाने दहा हजार लिटर पाणी होते. गळती वजा जाताही ते कपडे धुण्यासाठी पुष्कळ दिवस पुरते.

भीतीचा व्यापार

या विषयात सर्वांत महाग पडते ते अज्ञान. दारावर आलेला विक्रेता नळाच्या पाण्यात धातूच्या कांड्यांचे एक विद्युत यंत्र बुडवतो. क्षणार्धात पाणी तांबूस होते आणि घरचे लोक घाबरतात. वास्तविक तो रंग पाण्यातील घाणीचा नसतो. पाण्यातील क्षारांमुळे वीज वाहते आणि यंत्राची लोखंडी कांडीच झिजून गंज तयार होतो. क्षार काढून टाकलेल्या पाण्यात वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते पाणी तसेच दिसते. एवढ्या प्रयोगावर मजुरीचे पैसे साठवणारी कुटुंबे हप्त्याने यंत्र घेतात.

केवळ कठीणतेमुळे पाणी पिण्यास अपायकारक ठरते असे वैद्यकशास्त्र मानत नाही. याउलट फ्लोराइड आणि नायट्रेट यांना ना रंग, ना वास. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइडचा प्रश्न गंभीर आहे. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी पाणी तपासून घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळांत ही तपासणी होते. अहवालात एकूण कठीणता, फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू हे रकाने स्वतः वाचावेत.

भगवान बुद्धांनी कार्यकारणभाव शिकवला: कारण कळले की उपाय सापडतो. भांड्यावरचा पांढरा थर हे नशीब नव्हे आणि गृहिणीचा निष्काळजीपणाही नव्हे; त्याला कारण आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या ग्रामपंचायतीकडे नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागावा आणि तो बुद्धविहारात सर्वांसमोर वाचून दाखवावा. शिक्षणाचा उपयोग वस्तीला व्हावा, तो असा. जय भीम!