फोर्कलिफ्टचे अपघात : चालकाचा दोष की व्यवस्थेचा?

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर राज्यागणिक लहान गोदामे ठेवण्याऐवजी मोठी प्रादेशिक गोदामे उभारणे उद्योगांना किफायतशीर ठरू लागले. अशा गोदामांत मालाची चढ-उतार प्रामुख्याने फोर्कलिफ्टद्वारे होते. या यंत्राचा अपघात झाल्यास चालकाच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखविले जाते. परंतु हे निदान अपुरे आहे.

तात्कालिक कारणे

फोर्कलिफ्टच्या पुढील दोन लोखंडी दांड्यांवरील माल मागील बाजूच्या वजनामुळे तोलला जातो. क्षमतेपेक्षा अधिक माल उचलल्यास किंवा तो दांड्यांच्या टोकाकडे राहिल्यास यंत्र पुढे कलते. माल उंच धरून वेगाने वळल्यास ते आडवे होते. अशा वेळी पट्टा न बांधलेला चालक बाहेर फेकला जाऊन यंत्राखाली सापडू शकतो. वळण मागील चाकांनी घेतले जात असल्याने यंत्राचा मागील भाग बाहेर फिरतो व जवळून जाणाऱ्या कामगारास धडक बसते. समोरील मालामुळे दृष्टी अडते, हेही महत्त्वाचे कारण होय.

मूळ कारणे

पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्ग नसणे, ब्रेकची नियमित तपासणी न होणे, अपुरे प्रशिक्षण आणि फेऱ्या वाढविण्याचा दबाव या बाबी चालकाच्या हाती नसतात. प्रशिक्षणाचा खर्च लगेच दिसतो, टळलेला अपघात मात्र हिशेबात येत नाही. कंत्राटी कामगार वारंवार बदलत असतील, तर हा खर्च करण्यास मुख्य मालक व कंत्राटदार दोघेही उत्सुक नसतात. अपघातानंतरच्या हानीचा मोठा वाटा कामगाराच्या कुटुंबावर व सार्वजनिक आरोग्यसेवेवर पडतो. यालाच अर्थशास्त्रात ऋण बाह्यता म्हणतात.

कायद्याची भूमिका

ही बाह्यता दूर करण्यासाठी जबाबदारी मालकावर टाकणे आवश्यक ठरते. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीद्वारे कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये कलम ७-अ समाविष्ट करून भोगवटादाराची सर्वसाधारण कर्तव्ये निश्चित करण्यात आली. या अधिनियमासह १३ कायदे एकत्रित करणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. कार्यस्थळ धोक्यांपासून मुक्त ठेवणे हे तीनुसार मालकाचे कर्तव्य आहे.

सारांश, केवळ चालकास शिक्षा केल्याने पुढील अपघात टळत नाही. मार्ग, यंत्र, प्रशिक्षण व कामाचा वेग यांत सुधारणा झाली, तरच तो टळू शकेल.