जमिनीखालील नळ व केबल यांचा शोध

रस्ता खणण्यासाठी मजूर कुदळ उचलतो, तेव्हा तिचा घाव कशावर पडणार हे त्याला दिसत नसते. शहरातील रस्ता वरून एक दिसतो. परंतु त्याच्या पोटात जलवाहिन्या, मलवाहिन्या, इंधनवायूचे नळ, विजेच्या व दूरध्वनीच्या केबल आणि प्रकाशीय तंतू अशा अनेक वाटा एकमेकींना छेदून गेलेल्या असतात. कुदळ ११,००० व्होल्टच्या केबलला लागली तर मजुराचा प्राण जाऊ शकतो. वायूच्या नळाला भोक पडले तर स्फोटाचे भय असते. जलवाहिनी फुटली की सारी वस्ती तहानलेली राहते. अनिर्बंध खोदकामामुळे प्रकाशीय तंतू तुटून देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा अंदाज भारत सरकारने २०२३ साली दिला होता. म्हणून खणण्यापूर्वी जमिनीखाली काय आहे हे शोधणे, ही आज स्थापत्यशास्त्राची एक स्वतंत्र शाखाच झाली आहे.

हे जाळे एका पिढीत विणले गेलेले नाही. मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० साली नळाने मिळू लागले. तेथील रस्त्यांवर १८६५ साली वायूचे दिवे लागले. कोलकात्यात वायूचे दिवे १८५७ साली आले आणि १८९९ साली वीज आली. प्रत्येक पिढीने आधीच्या नळांवर आपले नळ घातले. कोलकात्याच्या भुयारी रेल्वेचा पहिला टप्पा १९८४ साली सुरू झाला. ही रेल्वे बांधताना रस्ता वरून उघडून खंदक खणण्याची पद्धत मुख्यत्वे वापरली गेली. त्यामुळे खंदकाच्या वाटेत येणारे जुने नळ, गटारे आणि केबल आधी शोधून बाजूला हलविणे भाग पडले.

कागद आणि डोळे

शोधाचा आरंभ यंत्राने नव्हे, तर कागदपत्रांनी होतो. पाणीपुरवठा, वीज, दूरध्वनी व वायू या खात्यांचे जुने नकाशे प्रथम गोळा करावयाचे. केबल किती खोल असावी याचे संकेतही ठरलेले आहेत. भारतीय मानक १२५५ (१९८३) प्रमाणे कमी दाबाची केबल ०.७५ मीटर, तर ३.३ ते ११ किलोव्होल्टची केबल ०.९ मीटर खोल घालावयाची असते. परंतु नकाशावर विसंबून राहणे धोक्याचे असते. नकाशात नळ पदपथाच्या कडेपासून दोन मीटरवर दाखविलेला असेल. पण मधल्या काळात पदपथच रुंद झाला असेल, किंवा रस्त्यावर थरांवर थर चढून एक मीटरची खोली दीड मीटर झाली असेल.

यानंतर जागेची पाहणी. मॅनहोलची झाकणे, नळाच्या झडपा, विजेच्या पेट्या, खांबावरून जमिनीत उतरणाऱ्या केबल, रस्त्यावर डांबराचे निराळे दिसणारे पट्टे, ही सर्व पोटातील वस्तूंची बाह्य चिन्हे होत. ती नकाशाशी ताडून पाहिली म्हणजे कोठे शोधावयाचे हे ठरते.

चुंबकीय क्षेत्राची साक्ष

विजेचा प्रवाह वाहत असलेल्या तारेजवळ होकायंत्राची सुई विचलित होते, हे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ अर्स्टेड यांनी १८२० साली दाखविले. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वेटोळ्यात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हे इंग्लंडमध्ये फॅरडे यांनी १८३१ साली सिद्ध केले. केबलशोधक यंत्र या दोन तत्त्वांवरच उभे आहे.

आपल्या देशातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. अशा प्रवाहाने केबलभोवती चुंबकीय क्षेत्राची वर्तुळे निर्माण होतात आणि जमिनीवरील वेटोळ्यात क्षीण प्रवाह उमटतो. तो वाढवून कानाने ऐकता येतो किंवा काट्यावर वाचता येतो. परंतु केबलला दाब असूनही तिच्यातून प्रवाह वाहत नसेल, तर हे क्षेत्र उमटत नाही. तिन्ही फेजचे प्रवाह समतोल असतील, तर त्यांची क्षेत्रे परस्परांना जवळजवळ नाहीशी करतात. यास्तव यंत्र मुके राहिले म्हणून जमीन रिकामी आहे असे कधीही मानू नये.

ही उणीव भरून काढण्यासाठी दुसरी रीत वापरतात. प्रक्षेपक यंत्राने धातूच्या नळात किंवा केबलच्या आवरणात ठराविक कंप्रतेचा, उदाहरणार्थ सेकंदाला ३३,००० आवर्तनांचा, प्रवाह सोडतात आणि ग्राहक यंत्राने त्याच कंप्रतेचा माग काढीत जातात. मात्र शेजारी दुसरा नळ असल्यास संकेत त्यावरही उडी घेतो.

खोली कशी काढतात

वेटोळ्याचा अक्ष केबलच्या रोखाने धरला, तर त्यातून चुंबकीय रेषा जात नाहीत आणि आवाज बंद पडतो. कारण रेषा वर्तुळाकार आहेत आणि वर्तुळाची त्रिज्या त्याच्या स्पर्शरेषेला नेहमी लंब असते. अक्ष सरळ उभा धरून आवाज जेथे बंद पडेल, त्या बिंदूच्या बरोबर खाली केबल असते. आता अक्ष ४५ अंशांनी कलता धरून केबलच्या दिशेला लंब असे दूर सरकत जावे. आवाज पुन्हा बंद पडेल तेथे थांबावे. या दोन बिंदूंतील अंतर हीच केबलची खोली होय, कारण तयार झालेल्या काटकोन त्रिकोणाच्या काटकोनाशेजारील दोन्ही बाजू समान असतात. हीच कृती दुसऱ्या बाजूलाही करावी. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर शेजारच्या नळामुळे क्षेत्र विस्कटले आहे असे समजावे.

प्लास्टिकचे नळ आणि रडार

प्लास्टिकच्या नळातून वीज वाहत नाही. म्हणून वरील रीत तेथे निरुपयोगी ठरते. नळ घालतानाच त्यालगत तांब्याची तार ठेवली असेल तर काम सोपे होते. तशी नसेल तर रडारचा आश्रय घ्यावा लागतो. हे यंत्र चाकांवरून ढकलीत नेतात. ते जमिनीत रेडिओलहरी सोडते. माती आणि नळ यांच्या सीमेवरून लहरी परत फिरतात आणि जाण्यायेण्याचा काळ मोजला जातो. नळाला ओलांडून यंत्र पुढे गेले की पडद्यावर अपास्त वक्र उमटतो. त्याचा माथा म्हणजे नळाचे स्थान.

मातीत लहरींचा वेग हवेतल्यापेक्षा कमी असतो आणि ओल वाढली की तो आणखी घटतो. समजा, तो नॅनोसेकंदाला १० सेंटिमीटर आहे आणि लहर २० नॅनोसेकंदांनी परतली. एकूण वाट २ मीटर झाली. म्हणून नळ १ मीटर खोल आहे. पण पावसाने माती भिजून वेग ६ सेंटिमीटरवर आला असेल, तर त्याच २० नॅनोसेकंदांत नळ केवळ ६० सेंटिमीटरवर असेल. चाळीस सेंटिमीटरची ही चूक खणणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून खोली ठाऊक असलेल्या एखाद्या नळावर आधी यंत्राची पारख करून घेतात. काळ्या चिकण मातीत तर या लहरी लवकर शोषल्या जातात आणि रडारची दृष्टी आखूड होते.

अखेरची कसोटी

अमेरिकेत या माहितीच्या चार श्रेणी मानतात. केवळ कागदावरून मिळालेली माहिती सर्वांत खालची. तिच्यावर बाह्य चिन्हांशी ताडलेली. तिच्याहून वर यंत्रांनी शोधलेली. आणि सर्वांत वरची म्हणजे नळ प्रत्यक्ष उघडा करून मोजलेली. म्हणून शेवटी ठिकठिकाणी चाचणी खड्डे घेतात. ते हाताने, जपून, थोडेथोडे खणावयाचे असतात. पहार मारावयाची नसते. विटांची रांग किंवा इशाऱ्याची फीत दिसताच थांबावयाचे, कारण तिच्याखाली केबल असते. सापडलेल्या प्रत्येक वाहिनीचे स्थान, खोली व प्रकार नकाशावर उतरवून रस्त्यावर रंगाने खुणा करतात.

खणणारा आणि वाहिनीचा मालक यांची आधी गाठ पडावी, यासाठी भारत सरकारने मार्च २०२३ मध्ये मोबाइलवरील ‘कॉल बिफोर यू डिग’ ही सेवा सुरू केली. यंत्र कितीही उत्तम असो, शेजारच्या खात्याला विचारल्यावाचून त्याचे काम अपुरेच राहते.

प्रयोग

वेष्टन असलेली लांब तार मेजावर उत्तर-दक्षिण सरळ ठेवून जाड पुठ्ठ्याने झाका. टोके १.५ व्होल्टच्या विद्युत्घटाला क्षणभरच जोडा, कारण तार लवकर तापते. दर वेळी होकायंत्र पुठ्ठ्यावर निरनिराळ्या जागी ठेवा. सुई जेथे सर्वांत अधिक वळते, त्या जागा पेन्सिलीने जोडा आणि मग पुठ्ठा उचलून पाहा. रेषा तारेवर कितपत जुळली, आणि नसल्यास का, याचा विचार करा. जमिनीखालची वाहिनी शोधणाऱ्याला हाच विचार करावा लागतो. मात्र त्याच्या चुकीची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते.