दावा आणि पुरावा

युक्तिवाद कसा पारखावा हें शिकण्यास धाकटी डहाणूच्या सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांस दूर जावयास नको. वाढवण बंदराचा वाद तेथील मच्छीमारांच्या दाराशींच आहे. आपण तोच पाठास घेऊं.

डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानें १९९८ सालीं वाढवण येथें बंदर होऊं देण्यास नकार दिला. त्याच प्राधिकरणानें २०२३ सालीं अटी घालून संमति दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पायाभरणी झाली. तेव्हां "प्राधिकरण म्हणतें" एवढ्यानें वाद मिटत नाहीं. कोणत्या कारणानें व कोणत्या पाहणीवरून म्हणतें, हें विचारिलें पाहिजे.

"समुद्रांत १,४४८ हेक्टर भराव होईल" हें आराखड्यांतील माप आहे. तें आराखडा उघडून पडताळतां येतें. "सुमारें १२ लक्ष रोजगार निर्माण होतील" हें सरकारचें अनुमान आहे. तेथें पुसावें : किती वर्षांत? कोणास? जाळें सोडणाऱ्यास त्यांत जागा आहे काय? "मासळी पार नाहींशी होईल" हेंहि भाकीतच. तेथेंहि पुसावें : कोणती मासळी? ती अंडीं कोठें घालते? भराव तेथेंच पडतो काय?

बोलणाऱ्याचा स्वार्थ दिसला म्हणून त्याचें म्हणणें खोटें ठरत नाहीं. मच्छीमाराचें पोट समुद्रावर आहे, म्हणूनच त्याचा अनुभव साक्षीस घ्यावा. मात्र साक्ष म्हणजे निकाल नव्हे.

ज्या बाजूकडे आपलें मन ओढ घेतें, तिचाच पुरावा आधीं कसोटीवर घासावा, असें आम्ही विद्यार्थ्यांस आग्रहानें सांगतों.