आजारी माणसाला घेऊन मुंबईला निघताना

मुंबईला जायचे म्हटले की गावाकडच्या माणसाच्या छातीत धडधड होते. हिंडायला जायचे असेल तर चुकलेली वाटही गमतीची वाटते. पण घरातले माणूस आजारी आहे, तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘मुंबईला न्या’ असे सांगितले आहे, अशा वेळी चुकलेली वाट महागात पडते. वाट चुकली की डॉक्टरांचा वार चुकतो. वार चुकला की आणखी आठवडा थांबावे लागते. आठवडाभर राहायचे, खायचे म्हणजे गाठीचा पैसा सरतो. पैसा सरला की काही माणसे उपचार अर्ध्यावर टाकून गाव गाठतात. दुखणे तिथेच राहते.

हे टाळता येते. त्याला वशिला लागत नाही. थोडी तयारी लागते. आणि तुम्ही आता जी विद्या शिकला आहात, ती लागते. ती म्हणजे वाचणे आणि लिहिणे.

१. आधी तीन प्रश्न विचारा

प्रत्येक दुखण्याला मुंबई लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालय असते. अनेक जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयेही आहेत. म्हणून ज्या डॉक्टरांनी मुंबईला जा म्हटले, त्यांना तीन प्रश्न विचारा.

हा उपचार आपल्या जिल्ह्यात होईल का?
होत नसेल, तर मुंबईत नेमक्या कोणत्या रुग्णालयात जायचे?
तिथे कोणत्या विभागात जायचे आणि त्या विभागाचा वार कोणता?

उत्तरे त्यांच्यासमोरच वहीत लिहून घ्या. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा. चुकले असेल तर ते दुरुस्त करतील. डॉक्टरांकडून रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठीही मागून घ्या.

‘मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जातो’ असे म्हणून निघू नका. मुंबईत मोठे दवाखाने पुष्कळ आहेत. परळ भागात के.ई.एम. रुग्णालय आहे. ते महानगरपालिकेचे आहे आणि १९२६ साली सुरू झाले. जवळच टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. ते कर्करोगासाठी आहे आणि १९४१ साली सुरू झाले. लहान मुलांचे आणि बाळंतिणींचे वाडिया रुग्णालयही परळलाच आहे. जे.जे. रुग्णालय मात्र परळला नाही. ते भायखळ्याजवळ आहे आणि राज्य सरकारचे आहे. नाव नीट माहीत नसेल तर आजारी माणसाला घेऊन उगीच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरावे लागते.

२. खर्चाची चौकशी गावातच करा

महाराष्ट्र सरकारची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. या योजनेतून ठरवून दिलेल्या उपचारांचा खर्च ठरवून दिलेल्या रुग्णालयांत भागतो. एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत लाभ देण्याचा निर्णय २०२३ साली झाला. मात्र सगळे आजार आणि सगळी रुग्णालये यात नाहीत. म्हणून १५५३८८ या क्रमांकावर आधी फोन करून विचारा. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. तिथे गेल्यावर पहिल्यांदा त्याला भेटा. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड लागते.

प्रवासातही सवलती आहेत. २०२२ सालापासून ७५ वर्षांपुढच्या माणसांना राज्यात एस.टी.चा प्रवास फुकट आहे. २०२३ सालापासून बायकांना एस.टी.चे अर्धे तिकीट आहे. कर्करोगाच्या रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला रेल्वेच्या लांबच्या गाडीत सवलत मिळते. त्यासाठी डॉक्टरांचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. तो निघण्याआधी मागून घ्या. गाडीत बसल्यावर मागून काय उपयोग?

३. कागदांची पिशवी

एक जाड पिशवी घ्या. तीत हे कागद ठेवा.

डॉक्टरांची चिठ्ठी.
आजवरचे सगळे तपासणीचे कागद आणि एक्स-रे.
चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि औषधांची रिकामी पाकिटे.
रेशनकार्ड आणि आधारकार्ड.
या सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स.

गाठीचा तुकडा काढून तपासला असेल, तर तपासणी केली तिथून काचपट्ट्या आणि ‘ब्लॉक’ मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा. कर्करोगाचे डॉक्टर तो पुन्हा तपासतात. तो घरी राहिला तर पुन्हा गावाला फेरी पडते.

कागद तारखेप्रमाणे लावा. जुना खाली, नवा वर. डॉक्टरांपुढे रोग्यांची रांग असते. कागद नीट लावलेले असले की तुमच्या माणसाकडे बघायला त्यांना जास्त वेळ मिळतो.

४. वाट दाखवणारी पाटी

साक्षरतेच्या वर्गात असे बोलणे नेहमी निघते.

मावशी : गुरुजी, आमच्या मालकांना मुंबईला न्यायचं आहे. पण तिथं आपलं माणूस कुणी नाही. वाट दाखवणार कोण?

गुरुजी : मावशी, तुम्हाला पाटी वाचता येते ना?

मावशी : येते की. पण अडखळत येते.

गुरुजी : अडखळत का होईना, वाचता आलं की झालं. मुंबईत प्रत्येक स्टेशनावर मराठीत पाटी आहे.

मावशी : पण मी वाचेपर्यंत गाडी निघून गेली म्हणजे?

गुरुजी : जाऊ द्या की! थोड्या वेळानं दुसरी येते. धावत्या गाडीला लोंबकळू नका. गाडी गेली तर दहा मिनिटं जातात. हात सुटला तर माणूस जातं.

गुरुजी म्हणाले ते खरे आहे. आता लोकलची थोडी माहिती करून घेऊ.

मुंबईत लोकलचे तीन मुख्य मार्ग आहेत. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून विरारकडे जाते. मध्य रेल्वे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून ठाणे आणि कल्याणकडे जाते. हार्बरची गाडी तिथूनच वाशी आणि पनवेलकडे जाते. दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वे जवळ येतात. कुर्ल्याला मध्य आणि हार्बर भेटतात. गाडी बदलायची असेल तर ही दोन नावे लक्षात ठेवा.

आता नावांचा घोळ समजून घ्या. लोक अजून ‘व्ही.टी.’ म्हणतात. पाटीवर मात्र छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असे लिहिलेले असते. जुनी माणसे ‘एल्फिन्स्टन’ म्हणतात. त्या स्टेशनाचे नाव २०१८ साली प्रभादेवी झाले. आणि मुंबई सेंट्रल हे स्टेशन मध्य रेल्वेवर नाही, ते पश्चिम रेल्वेवर आहे. एस.टी.चे मोठे स्थानकही त्याच्याजवळच आहे.

दादरचे फलाटही बदलले. पूर्वी तिथे दोन्ही रेल्वेंचे आकडे वेगवेगळे होते. त्यामुळे ‘एक नंबरचा फलाट’ दोन ठिकाणी होता. डिसेंबर २०२३ मध्ये आकडे सलग केले. आता १ ते ७ हे पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ हे मध्य रेल्वेचे फलाट आहेत. दहा वर्षांपूर्वी मुंबई पाहून आलेल्या माणसाने सांगितलेला आकडा आज चुकेल. म्हणून म्हणतात, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. ऐका सगळ्यांचे. पण पाटी स्वतः वाचा.

५. दादरहून परळला

तुमची लांबची गाडी दादरला थांबते का ते आधी पाहून ठेवा. थांबत असेल तर तिथेच उतरा. परळ हे दादरच्या पुढचेच स्टेशन आहे. मध्य रेल्वेच्या फलाटावर जा आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारी धीमी लोकल पकडा. धीमीच पकडा, कारण जलद गाडी परळला थांबत नाही. ती थेट भायखळ्याला जाते. फलाटावरच्या फलकावर गाडी धीमी की जलद हे दाखवलेले असते. न समजल्यास शेजारच्या माणसाला विचारा, ‘परळला थांबेल का?’ विचारण्यात कमीपणा नाही.

माणूस फार अशक्त असेल तर दादरहून टॅक्सी करा. दादर-परळ भागात ऑटोरिक्षा चालत नाहीत. रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला शीवपर्यंतच येतात. टॅक्सीत बसण्याआधी मीटर टाकायला सांगा.

सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळी लोकलला फार गर्दी असते. जमेल तर या वेळा टाळा. तिकीट काढल्याशिवाय बसू नका आणि बाहेर पडेपर्यंत ते जपून ठेवा. साध्या तिकिटावर पहिल्या वर्गाच्या डब्यात चढू नका. बायकांचे डबे वेगळे असतात. दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही बसता येते. रुग्णालयाचा कागद मात्र जवळ हवा.

रूळ कधीही ओलांडू नका. पुलावरूनच जा. पुलावर गर्दी दाटली असेल तर मागेच थांबा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन स्टेशनाच्या पुलावर पावसात चेंगराचेंगरी झाली आणि वीसहून अधिक माणसे मेली. चार मिनिटे उशीर झाला तरी चालेल. आजारी माणसाला गर्दीत रेटू नका.

६. रुग्णालयाच्या दारात

सकाळी लवकर पोचा. पहिले काम केसपेपर काढण्याचे. त्यासाठी खिडकी असते आणि तिच्यावर पाटी असते. केसपेपरवर नाव, वय आणि गाव बरोबर लिहिले आहे का ते तिथेच वाचा. नावात चूक राहिली तर पुढे योजनेच्या कामात अडचण येते. पैसे भरले की पावती घ्या. सगळ्या पावत्या पिशवीत ठेवा.

मोठ्या शहरात गोड बोलणारा माणूसही भेटतो. ‘रांगेत कशाला उभे राहता? माझी आत ओळख आहे. कागद इकडे द्या,’ असे तो म्हणतो. त्याच्या हाती कागदही देऊ नका आणि पैसाही देऊ नका. अडचण असेल तर चौकशीच्या खिडकीवर जा. पालिकेच्या आणि सरकारी मोठ्या रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ असतात. पैशाची अडचण सांगण्यासाठीच ती जागा आहे. तिथे जायला लाजू नका.

शस्त्रक्रियेआधी संमतिपत्रावर सही घेतात. कुणी शाईची डबी पुढे केली तर सांगा, ‘मला वाचता येते. आधी वाचतो, मग सही करतो.’ जे समजले नाही ते विचारा. काय करणार आहेत, धोका काय आहे, हे कळून घेण्याचा रोग्याला हक्क आहे.

७. राहायचे कुठे?

संत गाडगेबाबांनी गोरगरिबांसाठी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. ते स्वतः शाळेत शिकलेले नव्हते, पण लोकांनी शिकावे म्हणून जन्मभर सांगत राहिले. १९५६ साली ते वारले. त्यांच्या नावाच्या मिशनची धर्मशाळा आजही दादरला आहे. बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. अशा आणखीही संस्था आहेत. पण सगळीकडे जागा मिळेलच असे नाही, आणि रुग्णालयाचे कागद दाखवावे लागतात. म्हणून आधी चौकशी करा. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागालाही विचारा.

८. पैसा आणि फोन

सगळा पैसा एका खिशात ठेवू नका. थोडा सोबत्याजवळ द्या. फोनवर आलेला गुप्त आकडा, म्हणजे ओ.टी.पी., कुणालाही सांगू नका. ‘बँकेतून बोलतो’ म्हणणाऱ्यालाही नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि रेल्वेच्या मदतीसाठी १३९ हे आकडे पाठ करा.

फोन बंद पडतो, हरवतो. चिठ्ठी बंद पडत नाही. म्हणून रोगी आणि सोबती अशा दोघांच्याही खिशात पुढची चिठ्ठी असू द्या.

माझे नाव ............
गाव, तालुका, जिल्हा ............
मला या रुग्णालयात जायचे आहे ............
विभाग आणि वार ............
माझ्यासोबत आहेत ............ त्यांचा फोन ............
गावाकडचा फोन ............
उतरण्याची जागा ............
माझी चालू औषधे ............

ही चिठ्ठी दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. स्वतः लिहा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. गर्दीत दोघांची चुकामूक झाली तर हीच चिठ्ठी दोघांना पुन्हा भेटवील.

अभ्यास

१. डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न कोणते?
२. दादरहून परळला जाताना धीमी गाडी का पकडायची?
३. ‘व्ही.टी.’ आणि ‘एल्फिन्स्टन’ या स्टेशनांच्या पाट्यांवर आज काय लिहिलेले असते?
४. संमतिपत्रावर सही करण्याआधी काय करावे?
५. वरची चिठ्ठी आपल्या घरातल्या एका माणसासाठी वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.